एकरी एक कोटी लिटर

मांडवगण फराट्याच्या मुलांना 'पाणी जपून वापरा' हा धडा शिकवणं अवघड जातं. शिरूर तालुक्याचं हे टोक दोन नद्यांच्या बेचक्यात आहे. एका अंगाला भीमा, दुसऱ्या अंगाला घोड. भीमा ओलांडली की दौंड तालुका. दोन्ही काठांवर ऊस, उसात वस्त्या आणि त्या वस्त्यांवरून शाळेत येणारी मुलं. दात घासताना नळ बंद ठेवावा, असं पुस्तकात असतं. वस्तीवरच्या पोराच्या घरी नळ नसतोच. विहिरीवर साडेसात एचपीची मोटर असते आणि तिचं पाणी तीन इंची पाइपातून धबाधबा पडत असतं. तोंड धुताना वाचवलेला तांब्या त्या पाण्यापुढे किती, हे त्याला न शिकवता समजतं. तो धड्याखालच्या प्रश्नांची उत्तरं बरोबर लिहितो, मार्क घेतो आणि संध्याकाळी बापाबरोबर उसाला दारं धरायला जातो.

मी या भागातल्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान आणि भूगोल शिकवते. पर्यावरण हा विषय आमच्यापर्यंत बऱ्याच वाटांनी आला. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली पर्यावरणाचं शिक्षण सक्तीचं करायला सांगितलं. पुढे शाळांमध्ये राष्ट्रीय हरित सेना आली. प्राथमिकला परिसर अभ्यास आहे, नववी-दहावीला 'जलसुरक्षा' नावाचा श्रेणी विषय आहे. २०१५ साली संयुक्त राष्ट्रसंघाने शाश्वत विकासाची १७ ध्येयं ठरवली, तीही यथावकाश शाळांच्या भिंतींवर रंगली. २०२० पासून राज्याचं 'माझी वसुंधरा' अभियान सुरू आहे. कागदावर कशाचीच वाण नाही. पण भिंतीवरच्या त्या १७ चौकोनांत समुद्रातल्या माशांना जागा होती, उसाला नव्हती. मुलांनी ती चित्रं पाठ केली. आपल्या रानाचा त्यांच्याशी काही संबंध असेल असं त्यांना वाटण्याचं कारण नव्हतं.

म्हणून आम्ही सुरुवात केली ती गणिताच्या तासाला. आमच्या पट्ट्यात वर्षाला सरासरी पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. सह्याद्रीकडच्या भीमाशंकरला तो धो धो कोसळतो आणि आमच्यापर्यंत येताना ढग रिकामे झालेले असतात. एक एकर म्हणजे साधारण ४,०४७ चौरस मीटर. त्यावर पाचशे मिलिमीटर पाऊस म्हणजे किती लिटर? फळ्यावर उत्तर आलं वीस लाख. मुलं हबकली, कारण आपला भाग ती कोरडाच समजत होती. मग दुसरं गणित घातलं. पाटाने पाणी दिलं तर उसाला सगळ्या हंगामात मिळून अडीच हजार मिलिमीटरच्या घरात पाणी लागतं. तेच गुणाकार, तेच एकर. उत्तर आलं एक कोटी लिटर.

आभाळ देतं वीस लाख, ऊस मागतो एक कोटी. पावसाचा थेंब न् थेंब रानातच मुरला असं धरलं, तरी ऐंशी लाख लिटर कमी पडतात. ते येतात कुठून? पुढची काही वर्षं आमच्या वर्गाचं बरंचसं काम या एका प्रश्नाभोवती फिरत राहिलं. त्यात 'ऊस वाईट' असं मी कधी म्हटलं नाही. या उसावर मुलींची लग्नं झाली आहेत, मुलांच्या इंजिनिअरिंगच्या फिया भरल्या गेल्या आहेत, माझ्या शाळेच्या खोल्यांच्या वर्गणीतसुद्धा तोच आहे. ऐंशी लाखांचा हिशेब लावायचा, एवढंच ठरवलं.

पहिलं उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं : नदी. मग नदीचा नकाशा काढला. भीमा भीमाशंकरला उगम पावते, चासकमानच्या धरणात अडते, पुढे तिला भामा मिळते, तुळापूरला इंद्रायणी मिळते आणि रांजणगाव सांडसजवळ मुळा-मुठा. म्हणजे आमच्यापाशी पोचते तेव्हा भीमा एकटी नसते, पिंपरी-चिंचवड आणि पुण्याचं वापरलेलं पाणी तिच्याबरोबर असतं. पलीकडच्या हवेली-दौंडकडे तर हे पाणी रीतसर योजनेतूनच जातं. मुंढव्याच्या जॅकवेलमधून ते उचलून जुन्या मुठा कालव्यात सोडतात. एप्रिल-मेमध्येही भीमेच्या बंधाऱ्यांत पाणी का दिसतं, याचं निम्मं उत्तर इथे आहे. उरलेलं निम्मं धरणाच्या आवर्तनांत. हे लक्षात आल्यावर आठवीतला एक जण म्हणाला, "म्हणजे मॅडम, पुण्यात लोक आंघोळी करत्यात म्हणून आपला ऊस हिरवा?"

वर्ग हसला, पण त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. शहराच्या घाणीबद्दल गावात जो राग आहे तो खरा आहे. बंधाऱ्यात जलपर्णीचा गालिचा अंथरलेला असतो, पाण्याला वास असतो, विहिरीचं पाणी प्यावंसं वाटत नाही म्हणून घरोघरी वीस लिटरचे जार येतात. आम्ही हायड्रोजन सल्फाइडच्या चाचणीबाटल्या आणल्या. पाणी भरून ठेवायचं, दूषित असेल तर ते एक-दोन दिवसांत काळं पडतं. नदीच्या पाण्याची बाटली काळी पडली याचं कुणालाच नवल वाटलं नाही. नदीकाठच्या काही विहिरींच्या बाटल्याही काळ्या झाल्या तेव्हा मात्र मुलं घरी जाऊन बोलली. पण याच पाण्याने उन्हाळ्यात ऊस तगतो, हेही त्याच वहीत लिहावं लागलं. पुण्याने पाणी शुद्ध करून सोडावं, ही मागणी रास्त आहे. पुण्याने ते शुद्ध करून स्वतःच पुन्हा वापरायला घेतलं, तर आपलं काय, हा प्रश्न एका मुलीने विचारला. त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं आणि पुस्तकातही नव्हतं. शाश्वत विकासाचं शिक्षण म्हणतात ते मला त्या तासाला पहिल्यांदा जवळून दिसलं. दोन्ही बाजू खऱ्या असतात आणि तरीही हिशेब मांडावा लागतो.

दुसरं उत्तर विहिरींचं. राज्याची भूजल सर्वेक्षण यंत्रणा ठरावीक निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चारदा मोजते : जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर. आम्ही तेच महिने धरले. सुतळीला दर हातावर गाठ, टोकाला दगड, ही आमची यंत्रणा. मुलांनी आपापल्या वस्तीवरची विहीर निवडली आणि वर्गात एक मोठी वही ठेवली. पहिल्या वर्षी त्या आकड्यांतून काही कळलं नाही. पावसाळा बरा झाला, विहिरी भरल्या. वही पुढच्या वर्गाकडे गेली, मग त्याच्या पुढच्या. हळूहळू दोन गावं दिसायला लागली. भीमेच्या लगतच्या विहिरी फारशा हलत नव्हत्या. नदीपासून दूर, वरच्या अंगाच्या वस्त्यांवरच्या विहिरी मेमध्ये तळ दाखवत होत्या, आणि तिथल्या माणसांनी बोअर खोल खोल नेली होती. एकाच बाकावर बसणाऱ्या दोन मुलांच्या घरच्या पाण्यात एवढा फरक आहे हे त्यांना स्वतःला माहीत नव्हतं. 'समान वाटप' हा शब्द मी आधी वर्षानुवर्षं शिकवला होता. त्या दिवसानंतर तो शिकवायची गरज उरली नाही.

गावाचा हिशेब मांडायचा तर आधी शाळेचा मांडा, असं मुख्याध्यापकांनी सुचवलं आणि ते बरोबरच होतं. शाळेच्या छपराचं क्षेत्रफळ मुलांनी टेपने मोजलं. शंभर चौरस मीटर छपरावर आमच्याकडच्या पावसाचं पन्नास हजार लिटर पाणी पडतं. गळती, बाष्पीभवन धरून चाळीस हजार हाती लागलं, तर दोनशे मुलांना रोज दोन लिटरप्रमाणे शंभर दिवसांचं पिण्याचं पाणी झालं. पण आमचा पाऊस बराचसा सप्टेंबरात, परतीच्या वाटेवर पडतो, आणि चाळीस हजारांची टाकी बांधायला पैसे नव्हते. म्हणून ते पाणी खडी-वाळूच्या गाळणीतून शाळेच्या बोअरमध्ये सोडलं. पाइप आणि ड्रम माजी विद्यार्थ्यांनी दिले, खड्डा एका पालकाच्या जेसीबीने झाला. हात धुण्याचं पाणी परसबागेतल्या केळी-अळूला गेलं. पोषण आहारातलं उरलेलं अन्न रोज तोलायला घेतलं तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. शिजवलेलं अन्न ठरावीक वारीच जास्त उरत होतं, म्हणजे ज्या दिवशी मुलांना आवडत नाही ते असायचं त्या दिवशी. स्वयंपाक करणाऱ्या ताईंनी मग परसबागेतली भाजी त्यात घालून पाहिली आणि उरणं कमी झालं. गांडूळ खताच्या टाकीला त्यामुळे खाद्य कमी पडायला लागलं, ही तक्रार मात्र अजून चालू आहे.

या कामाला आमच्याच तालुक्यात मोठा आधार आहे. पाबळ हे शिरूरच्या पश्चिमेकडचं, पाण्याने कोरडं गाव. हिंदुस्तान लिव्हरमधली शास्त्रज्ञाची नोकरी सोडून डॉ. श्रीनाथ कलबाग तिथे गेले आणि १९८३ साली त्यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. आठवी ते दहावीच्या मुलांसाठी 'मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख' हा त्यांचा अभ्यासक्रम पुढे राज्यातल्या अनेक शाळांमध्ये गेला. त्यात शेती आणि पशुपालन आहे, ऊर्जा आणि पर्यावरण आहे, घर आणि आरोग्य आहे, वेल्डिंग-बांधकाम आहे. मुलं माती तपासतात, भूजलाचा अंदाज घेतात, लोखंडी घुमटाचं घर उभं करतात. कलबाग २००३ साली गेले, आश्रम चालू आहे. तिथे गेल्यावर माझ्या मनात जे बसलं ते एवढंच : काम खरं असावं आणि गिऱ्हाईकही खरं असावं. मुलाने केलेली माती-चाचणी शेतकऱ्याने पैसे मोजून घेतली, की ती चुकून चालत नाही. प्रदर्शनात मांडायच्या थर्मोकोलच्या प्रतिकृतीला ही शिस्त नसते.

तोच निकष लावून आम्ही पाचटाकडे वळलो. ऊस तुटून गेला की रानात पाचट उरतं, आणि आमच्या भागात डिसेंबर ते मार्च संध्याकाळी कुठे ना कुठे ते पेटलेलं दिसतं. 'पाचट जाळू नका' या विषयावर मुलांनी निबंध लिहिले होते, घोषणा दिल्या होत्या. या वेळी जमाखर्च काढायचा असं ठरलं. हेक्टरी आठ ते दहा टन, म्हणजे एकरी तीन-चार टन पाचट निघतं. त्यात अर्धा टक्का नत्र असतं. म्हणजे एकरी पंधरा ते वीस किलो नत्र, म्हणजे जवळजवळ एक गोणी युरिया. मुलांना वाटलं, जिंकलो. त्यांनी हा आकडा घरी नेला.

दुसऱ्या दिवशी उत्तरं परत आली. एकाचे वडील म्हणाले, "युरियाची गोणी दोनशे सहासष्ट रुपयांना मिळती. पाचट कुट्टी करायला ट्रॅक्टर किती घेतो ते इचार तुझ्या मॅडमला." दुसऱ्याच्या आजोबांनी सांगितलं, की पोटॅश जळत नाही, राखेतून रानातच राहतं. आजोबांचं शास्त्र पक्कं होतं. पेटवल्यावर नत्र उडून जातं, कर्ब उडून जातो, पालाश बराचसा राखेत उरतो. पाचटात बत्तीस ते चाळीस टक्के सेंद्रिय कर्ब असतो, एकरी टन-दीड टन. पण कर्बाची गोणी दुकानात मिळत नाही, म्हणून तिला भाव नाही. अनुदानाच्या युरियाशी तुलना केली तर पाचट जाळणारा माणूस शहाणाच ठरतो. पर्यावरणाच्या पुस्तकांत शेतकऱ्याचं अज्ञान हे कारण हमखास दिलेलं असतं. माझ्या वर्गाच्या वहीत ते टिकलं नाही. तो हिशेब करूनच जाळत होता, फक्त त्याच्या हिशेबात काही रकाने नव्हते.

पहिला रकाना एका ऊसतोड कामगाराच्या मुलीने भरला. हंगामात बीड, अहिल्यानगरकडच्या टोळ्या येतात, कोप्या पडतात, आणि त्यातली काही मुलं चार-पाच महिने आमच्या वर्गात बसतात. बहुतेक वेळा ती मागच्या बाकावर गप्प असतात. पाचटाचा हिशेब चालू असताना ही मुलगी म्हणाली, "वाढं कुठं धरलं?" वाढं म्हणजे उसाचा हिरवा शेंडा. तोडणारी माणसं ते आपल्या बैलांना घालतात, उरलेलं गुरंवाल्यांना विकतात, त्यावर त्यांचा रोजचा मीठ-मिरचीचा खर्च चालतो. मजूर मिळेनात म्हणून उभा ऊसच पेटवून तोडायची वेळ आली की वाढं जळतं. मालकाला कारखाना जळिताची कपात लावतो, ती सगळ्यांना ठाऊक असते. तोडणाऱ्याचं वाढं गेलं हे कुणाच्याच वहीत येत नाही. वर्गाने तो रकाना वाढवला. ती मुलगी मार्चमध्ये टोळीबरोबर गेली. रकाना तसाच चालू आहे.

दुसरा रकाना प्रयोगातून आला. एका पालकांनी खोडव्याच्या, म्हणजे तोडणीनंतर पुन्हा फुटलेल्या उसाच्या, रानातला एक कोपरा आम्हाला दिला. अर्ध्या सऱ्यांत पाचट तसंच अंथरून त्यावर युरिया, सुपर फॉस्फेट आणि कुजवणारं जिवाणू-संवर्धक टाकलं, अर्ध्या सऱ्या मोकळ्या ठेवल्या. मुलं ठरलेल्या दिवशी दोन्हीकडची मूठभर माती आणायची, ओली तोलायची, उन्हात वाळवून पुन्हा तोलायची. वर्गात तराजू होता, बाकी काही लागत नव्हतं. पाचटाखालची माती दर वेळी जास्त ओली निघाली. थर्मामीटर खुपसला तर ती थंडही असायची. तण कमी. त्या पालकांनी स्वतःच आमच्या आधी निष्कर्ष काढला, की या सऱ्यांना पाणी चार दिवस उशिरा दिलं तरी चालतंय.

पाणी उशिरा दिलं तर काय वाचतं? पाणी वाचतं, वीज वाचते, ही पुस्तकातली उत्तरं झाली. त्यांना या गावात किती वजन आहे ते मी आधीच सांगितलं. पण शेतीची थ्री फेज लाइट आमच्याकडे आलटून पालटून दिवसा आणि रात्री येते. रात्रीची पाळी आली की माणूस बॅटरी आणि काठी घेऊन उसात शिरतो. त्याच उसात बिबट्या असतो. शिरूर तालुका जुन्नर वनविभागात येतो, आणि त्या सबंध पट्ट्यात बिबट्याच्या माद्या आता उसातच पिल्लं घालतात. आमच्या तालुक्यात बिबट्याच्या हल्ल्यात लहान मुलं गेली आहेत. हा विषय वर्गात येतो तेव्हा 'जैवविविधता' हा शब्द उच्चारायलाही धीर लागतो. मुलांना मी काय शिकवू शकते? एवढंच, की जुन्नरला २००१ पासून बिबटे पकडून दुसरीकडे सोडले गेले, आणि वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय यांच्या अभ्यासातून दिसलं की असं सोडल्याने हल्ले थांबत नाहीत, उलट नव्या जागी वाढू शकतात. वस्तीभोवतीची झाडी मोकळी ठेवणं, कुत्री-शेळ्या रात्री बंदिस्त ठेवणं, अंधारात एकट्याने न जाणं, हेही शिकवते. पण अंधारात न जाण्याचा सल्ला रात्रीच्या लाइटीपुढे टिकत नाही.

पाचटाच्या हिशेबात मुलांनी म्हणून नवा रकाना घातला : 'रात्रीच्या पाळ्या'. पाचट ठेवल्याने दोन पाण्यांतलं अंतर वाढलं, हंगामात काही पाळ्या कमी झाल्या, तर त्यातल्या काही रात्रीच्या असणार. बाप किती रात्री घरात झोपला, ते लिहायचं. युरियाच्या दोनशे सहासष्ट रुपयांनी जे घडलं नव्हतं ते या रकान्याने काही घरांत घडलं. आयांनी ते मनावर घेतलं. एका घरी पुढच्या खोडव्याला पाचट राहिलं, शेजाऱ्याने ते पाहून ठेवलं. सगळ्या शिवारात आग थांबली असं मी म्हणणार नाही, अजूनही संध्याकाळी धूर दिसतो. दिवसा वीज देणाऱ्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेची माहिती मात्र मुलांनी स्वतः काढून आणली. ऊर्जेचं सातवं ध्येय त्या दिवशी भिंतीवरून खाली उतरलं.

पाण्याचा जुना हिशेब पाहायला दरवर्षी आम्ही मुलांना इनामगावला नेतो. गाव आमच्या शेजारचंच, घोड नदीच्या काठी. तिथल्या पांढरीच्या टेकाडांवर डेक्कन कॉलेजने १९६८ साली उत्खनन सुरू केलं आणि हंगामामागून हंगाम ते चाललं. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर, झैनुद्दीन अन्सारी ही त्यातली मोठी नावं. इसवी सनापूर्वी सोळाशेच्या सुमारास तिथे शेतकऱ्यांची वसाहत होती. चौकोनी घरं होती, प्रमुखाच्या घराशेजारी धान्याचं कोठार होतं, नदीच्या पाण्यासाठी बांध घालून काढलेला चर होता. गहू, सातू पिकत होतं. लहान मूल गेलं तर दोन रांजण तोंडाला तोंड लावून त्यात ठेवत आणि घराच्याच जमिनीखाली पुरत. ही माहिती ऐकून दंगा करणारी पोरंही गप्प होतात. आज तिथे पाहण्यासारखं फारसं काही उभं नाही. वस्तू पुण्याला डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात आहेत, आणि भोवताली पुन्हा शेतीच आहे.

मी तिथे मुलांना घरांचे नकाशे दाखवते. आधीची चौकोनी, ऐसपैस घरं आणि इसवी सनापूर्वी एक हजारनंतरच्या थरांतल्या लहान, गोल झोपड्या. ढवळीकरांनी याचा अर्थ असा लावला, की हवामान कोरडं होत गेलं, गव्हाची शेती झेपेनाशी झाली, माणसं शिकारीकडे आणि शेरडं-मेंढरं राखण्याकडे वळली, आणि इसवी सनापूर्वी सातशेच्या सुमारास वसाहत ओस पडली. त्या लोकांकडे नदी होती, चर होता, कोठार होतं. पाऊस आणि पीक यांचं गणित मात्र हळूहळू सुटत गेलं, काही पिढ्यांच्या संथ गतीने. एका सहलीत एका मुलाने विचारलं, "त्यांच्यात कोण इहिरी मोजत व्हतं का?" त्या काळी मोजत असते तरी पाऊस थांबवता किंवा आणता आला नसता, हे मी त्याला सांगितलं. पण कोणतं पीक सोडायचं आणि कधी सोडायचं, हे ठरवायला काही वर्षं जास्त मिळाली असती.

आमच्या विहिरींची वही आता २६ जानेवारीच्या ग्रामसभेत वाचली जाते. मुलं आकडे सांगतात, सल्ला देत नाहीत. हा नियम आम्ही कटाक्षाने पाळतो. पर्यावरणाच्या नावाखाली मुलांना घरोघरी उपदेशाला पाठवायची पद्धत मला पटत नाही. ज्या बापाच्या डोक्यावर सोसायटीचं कर्ज आहे, त्याला तेरा वर्षांच्या पोराने ऊस कमी कर म्हणणं हा त्या दोघांवरही अन्याय आहे. उसाला एफआरपी, म्हणजे कायद्याने ठरलेला किमान दर आहे, कारखान्याची गाडी बांधावर येते. तुरीला, ज्वारीला अशी खात्री नाही. हे गणित शाळेने सोडवायचं नाही, ते मुंबई-दिल्लीत सुटायचं आहे. ठिबकवर ऊस नेला तर चाळीस-पन्नास टक्के पाणी वाचतं असं कृषी विद्यापीठं सांगतात. ते आकडेही वहीत आहेत, ज्याला हवे त्याने घ्यावेत. आमच्या गावात उसाचं क्षेत्र या वहीने कमी झालेलं नाही आणि तसं होईल असं आम्ही कधी मानलंही नव्हतं.

हे काम सोपं जातं असंही नाही. दहावीचा निकाल लागला की वहीचं कुणी विचारत नाही. वृक्षारोपणाचे फोटो वेळेत अपलोड झाले नाहीत तर फोन येतो, विहिरी मोजल्या नाहीत तर येत नाही. शिक्षकाची बदली झाली की अशी कामं बंद पडतात, म्हणून आमची वही शिक्षकाच्या नावावर नाही, वर्गाच्या नावावर आहे. सातवीची मुलं आठवीकडून ती हिशेबासकट ताब्यात घेतात आणि मागच्या वर्षातला एक तरी आकडा स्वतः पुन्हा मोजून तपासतात. नव्या शाळेने असं काही सुरू करायचं म्हटलं तर माझा सल्ला थोडक्यात असा : १७ ध्येयांपासून सुरुवात करू नका. गावात सगळ्यात जास्त काय पिकतं, ते काय खातं-पितं, आणि त्याचं बिल कोण भरतं, एवढं विचारा. मराठवाड्यात ते सोयाबीन असेल, कोकणात आंबा असेल, पिंपरी-चिंचवडमध्ये मोटारी असतील. ध्येयं त्या हिशेबात आपोआप येऊन बसतात.

आणि रकाने मुलांनाच वाढवू द्या. माझ्या वर्गात आज उसाचा जो ताळेबंद आहे त्यात टन आहेत, रुपये आहेत, लिटर आहेत. वाढं आहे, रात्रीच्या पाळ्या आहेत, काळ्या पडलेल्या बाटल्या आहेत. यातल्या कित्येक गोष्टींची बेरीज एकमेकींत होत नाही, तरी त्या शेजारी शेजारी लिहिलेल्या आहेत. ही मुलं दहा-पंधरा वर्षांनी कर्ती होतील, सात-बाऱ्यावर त्यांची नावं लागतील, काही ग्रामपंचायतीत बसतील, काही पुण्यात राहून भीमेत पाणी सोडणाऱ्या बाजूला असतील. काय पेरायचं आणि काय सोडायचं ते तेव्हा त्यांनी ठरवावं. ज्याला भाव नाही त्याचा रकाना खोडून मग बेरीज करायची नाही, एवढी सवय त्यांना आताच लागलेली असावी. त्यासाठी वही आहे.